नाताळचा फराळ, नेहरू नगरचा

आमच्याकडे नाताळ म्हणजे फराळ. करंजी, अनारसा, शंकरपाळा, चकली, शेव, चिवडा, रव्याचा लाडू, बेसनाचा लाडू, आणि मग केक. क्रम हाच. केक घरात आलाच सगळ्यांच्या नंतर, म्हणून ताटातही त्याची जागा कडेला. मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही. पण भिलाईच्या नेहरू नगरात, आमच्या गल्लीत, दर डिसेंबरात कुणी ना कुणी नवं बिऱ्हाड आलेलं असायचं आणि त्यांना ते सांगावं लागायचं. ताटावरचा विणलेला रुमाल उचलला की त्या घरची बाई म्हणायची, "अरे, ये तो दिवाळीवाला है!" आणि आमच्या आया हसून म्हणायच्या, "बड़े दिन का भी यही है, भाभीजी."

आमची घरं इकडे आली ती पोलादाच्या मागे. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि त्या आगेमागे देशभरातून माणसं भिलाईत उतरली. त्यात आमचेही आजोबा-वडील होते. कुणी नागपूरचे, कुणी जालन्याजवळच्या बेथेलचे, कुणी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याकडचे. आधी सेक्टरातले कंपनीचे क्वार्टर. रिटायर झालं की क्वार्टर सोडावा लागे. मग फंडाच्या पैशातून कुणी रिसालीत घर बांधलं, कुणी स्मृती नगरात, कुणी नेहरू नगरात. सेक्टरातले शेजार तुटले, पण काही शेजार ठरवून एका गल्लीत आले. म्हणून आमच्या गल्लीत एक घर मलयाळी, एक बंगाली, दोन छत्तीसगढी, एक पंजाबी, एक तेलुगू, एक मारवाडी, आणि मराठी आम्ही. नाताळचं ताट ह्या सगळ्या दारांतून जायचं आणि सगळ्या दारांतून काही ना काही घेऊन परत यायचं. डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून तरी तो परत यायचा.

नागपूरहून भिलाईला येणारी गाडी डोंगरगड सोडून राजनांदगावाकडे निघाली की आजी खिडकीजवळ सरकायची आणि आम्हाला टिळकांची गोष्ट सांगायची. ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला, त्याने त्यांच्या हाती बायबल ठेवलं, आणि पुढे १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हे सगळं सांगितलं आहे. आजीला ही गोष्ट तोंडपाठ होती, आणि ती संपली की ती पिशवीतून दशम्यांचा डबा काढायची. आम्हाला टिळक आणि दशमी ह्यांची सांगड त्या गाडीतच लागली. आपण परमुलखात चाललो आहोत असं आजीला त्या मार्गावर कधी वाटलं नाही, आणि तिच्यामुळे आम्हालाही नाही.

फराळाची चाहूल अनारशाच्या तांदळाने लागायची. डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मोरीजवळच्या कोपऱ्यात पितळी पातेल्यात तांदूळ भिजत पडायचे. तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं. पाणी बदलायचं काम मुलांचं, आणि ते विसरलं तर घरभर आंबूस वास सुटून चोरी उघडी पडे. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून जुन्या धोतराच्या फडक्यावर सावलीत पसरायचे. पुरते वाळू द्यायचे नाहीत. हाताला दमट लागतात तोवरच कुटायचे, मैद्याच्या चाळणीने चाळायचे, तितकाच बारीक चिरलेला गूळ आणि तूप घालून मळायचे, गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे. मग निदान पाच दिवस त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही.

तळणाच्या दिवशी घरात वेगळीच शिस्त असे. आजी पाटावर, पुढ्यात खसखस पसरलेलं केळीचं पान. सुपारीएवढी गोळी घ्यायची, खसखशीवर बोटांनी थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं, जाळी पडली की अलगद उचलून चाळणीत उभा करायचा. पहिला अनारसा तुपात पडला की सगळ्यांचे श्वास रोखलेले. तो धड निघाला तर दिवस चांगला. कधीकधी मात्र तो हसायचा. कढईत पडताच फुटून तुपभर पसरायचा, आणि आजी म्हणायची, "हसला गं बाई." मग पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी, पुन्हा मळणं, पुन्हा वाट बघणं. हसलेल्या अनारशाचा चुरा कढईतून गाळून आम्हा पोरांच्या वाट्याला येई. तुपात तळलेल्या गुळाचा तो कुरकुरीत, कडसर, खसखशीत चुरा. खरं सांगायचं तर अनारसा हसावा म्हणून आम्ही मनातल्या मनात प्रार्थना करायचो, आणि आजीला ते ठाऊक असावं, कारण शेवटचे दोन ती मुद्दाम पातळ पिठाचे सोडायची.

करंज्यांना माणसं लागत. एकटीने करंज्या कुणी करत नसे. साट्याच्या करंज्या असल्या तर तीनचार बायका तरी हव्यात: एक लाट्या लाटणारी, एक सारण भरणारी, एक कातणाने कापणारी, एक तळणारी. गल्लीतल्या मराठी घरांनी वार वाटून घेतले होते. आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. पोळपाट-लाटणं प्रत्येकीने आपापलं आणायचं, कारण दुसरीच्या लाटण्यावर हात बसत नाही. सारणात सुकं खोबरं, खसखस, वेलदोडा, जायफळ आणि चारोळी. चारोळी मात्र आमच्या भिलाईची चैन होती. बस्तरच्या जंगलातून येणारी ती चिरोंजी इकडे ताजी मिळे आणि नगरच्या मानाने स्वस्त. नगरला, जालन्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ट्रंकेत चारोळीची पुडी असायचीच. तिकडच्या आत्या-मावश्या आमची वाट बघतात की चारोळीची, असा आम्हाला प्रश्न पडायचा. सारण कमी भरलं गेलं तर करंजी हलवताच आत खुळखुळ वाजे. असा खुळखुळा कुणाच्या हातचा ते लगेच ओळखू येई आणि सगळ्याजणी तिच्याकडे बघत. ती करंजी शेजारी जात नसे, घरातच खपे.

चकलीची भाजणी दिवाळीतली उरलेली. आमच्या हिंदू मराठी शेजारणींनी दिवाळीला भाजणी दळून आणताना आमचाही वाटा घातलेला असे. "नाताळला कशाला परत भाजत बसता?" म्हणून डबा भरून पाठवत. चकली त्यांच्या भाजणीची, मोहन आमचं, आणि सोऱ्या तिसऱ्याच घरचा. तो पितळी सोऱ्या सुपेल्याच्या एका लेथवाल्याकडून करून आणलेला होता. इतका जड की दोन मुलांनी मिळून फिरवायचा. भिलाईत वस्तू बिघडली म्हणून कुणी टाकत नसे. गल्लीत कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी मोल्डर. करंजीच्या कातणाचं चाक झिजलं, नवं बसवलं. झाऱ्याचा दांडा सुटला, रिव्हेट मारला. कढईचा कान तुटला, डाग दिला. आमच्या कढईला तीन ठिकाणी डाग होते आणि आई म्हणायची, ही कढई आता कारखान्यातच झाली म्हणायची.

साखर रेशनवर मिळायची तो काळ आम्ही पाहिला. नोव्हेंबरपासून आई चहातली साखर कमी करायची. कुणी पाहुणा आला तर पूर्ण गोड, घरच्यांना अर्धी. वाचवलेली साखर एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात जमे आणि डब्याच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कागद दाबून झाकण लावलेलं असे. डालडाचा पिवळा डबा वेगळा. साजूक तूप फक्त अनारशाला आणि बेसनाच्या लाडवाला. शंकरपाळे डालड्यात, चकल्या तेलात, चिवडा शेवटी उरलेल्या तेलात. तळणाचं तेल पुढे जानेवारीभर भाजीला पुरे.

आता केक.

केक आम्ही मलयाळी चेचीकडून शिकलो, हे कबूल करायला आमच्या आजीला वेळ लागला, पण शेवटी तिनेच ते सगळ्यांना सांगितलं. चेची सांगायची की भारतातला पहिला नाताळचा केक तिच्या मुलखात भाजला गेला. १८८३ साली तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू ह्या बेकरीवाल्याने एका इंग्रज मळेवाल्यासाठी तो केला होता. हे सांगताना तिची मान जरा ताठ होई आणि ते योग्यच होतं. तिच्या घरात मनुका, काजू, खजूर ऑक्टोबरपासूनच बरणीत भिजत पडलेले असत. आमच्याकडे बरणी चालली नाही. आम्ही आमचं काढलं: नागपूरहून येणाऱ्या संत्र्यांची साल. डिसेंबरात नागपूरच्या पाहुण्याबरोबर संत्र्यांची करंडी यायची. आई सालं आतल्या पांढऱ्या भागापासून सोलून बारीक चिरायची, दोनदा उकळून पाणी फेकायची, मग साखरेच्या पाकात शिजवून सुपात वाळवायची. तिच्या केकला त्या सालीचा वास होता. चेचीने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी सालं मागायला आली.

भाजायचं कसं, हा मोठा प्रश्न. आधी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वाळू घालून, वर दुसरं भांडं, झाकणावर निखारे. खालून करपलेला, मधे कच्चा, वरून उत्तम असा तो केक आम्ही आनंदाने खाल्ला. मग काही घरांत विजेचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. वीज गेली की केक बसला. सगळ्यात भरवशाची बेकरीवाल्याची भट्टी. नाताळच्या आधीचे दोनतीन दिवस भिलाईतली बेकरी रात्री आमची होत असे. मैदा, साखर, मस्का, अंडी, संत्र्याची साल, पेठा, काजू, जायफळाची पूड, सगळं तोलूनमापून घरून न्यायचं. अंड्यांची पिशवी ज्याच्या हातात, त्याला सायकलवर बसवायचं नाही, तो चालत येणार. कारागीर परातीत मस्का आणि साखर हातांनी फेसायचा, कोपरापर्यंत पांढरा होऊन. जाळलेल्या साखरेचा काळा पाक आई घरून बाटलीत आणायची, कारण रंगासाठी बाहेरचं काही घालू द्यायचं नाही. डब्यांना आतून कागद लावायचा आणि चिठ्ठीवर नाव लिहून वर खोचायचं. पाव भाजून झाले, भट्टीचा ताव उतरला, की केकची पाळी. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून एकेक डबा आत जायचा. आम्ही शाली गुंडाळून मैद्याच्या पोत्यांवर बसून असायचो, शेजारी धमतरीकडची माणसं, पलीकडे तेलुगू कुटुंब, अलीकडे मलयाळी. पहाटे गरम डबे टॉवेलात गुंडाळून घरी यायचे आणि उशाशी ठेवल्यासारखा त्यांचा वास सगळ्या घरात असायचा.

मारवाडी भाभींच्या घरी अंडं चालत नसे. त्यांच्यासाठी रव्याचा, दह्याचा केक वेगळ्या भांड्यात घरीच व्हायचा आणि वेगळ्या ताटातून जायचा. त्यांना हे कधी सांगावं लागलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. मलयाळी चेचीचं आणखी वेगळं. त्यांच्या ऑर्थोडॉक्स घरात १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपास, मांस-मासळी बंद. आमचं ताट आधी गेलं तर ती ते झाकून, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्यायची. पंचविसाच्या पहाटे चर्चमधून आल्यावर अप्पम आणि स्ट्यूबरोबर आमची करंजी फोडायची. एवढा मान आमच्या करंजीला दुसऱ्या कुठल्याच घरात मिळाला नाही. तिच्याकडून अच्चप्पम यायचे, गुलाबाच्या फुलासारखे. तिच्या लोखंडी साच्यावरून आमच्यासाठी तसाच साचा गल्लीतल्या एका मोल्डर काकांनी ओतून दिला. साचा आधी तेलात चांगला तापवायचा, मग पिठात पाऊण भागच बुडवायचा. वरपर्यंत बुडाला की फूल सुटत नाही. हे कळेपर्यंत आमच्या घरात बरीच फुलं साच्यालाच चिकटून करपली.

छत्तीसगढी घरांची पुरचुंडी आमच्या आजीला सगळ्यात जवळची वाटायची. धमतरीकडे अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ च्या दुष्काळात आलं, आणि त्याआधी १८६८ साली ऑस्कर लोर ह्या मिशनऱ्याने विश्रामपूर वसवलं होतं. गल्लीतली दोन्ही छत्तीसगढी ख्रिस्ती घरं ह्या परंपरेतली. त्यांच्याकडून कुसली यायची, ती आमची करंजीच. अइरसा यायचा, तो आमच्या अनारशाचा सख्खा भाऊ, फक्त खसखस नाही आणि गुळाचा पाक करून केलेला. बेसनाची ठेठरी, गव्हाची गुळाची खुरमी. आजी अइरसा हातात घेऊन वासावरून सांगायची, पाक किती तारी होता. ती आणि धमतरीची दाई अंगणात ऊन खात बसायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी छत्तीसगढीत. पिठाला ओल किती हवी ह्यावर त्यांचं एकमत कधी झालं नाही. पण दोघींचेही अनारसे-अइरसे आमच्या तोंडात सारखेच विरघळायचे.

मुलांचं खातं कुलकुलांचं. हे आमच्या मूळ फराळातलं नव्हे. सेक्टरात असताना शेजारी वसईचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडून आलेलं. मैद्याची चिमुकली गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. काटे कमी पडले की कोरी, धुतलेली फणी. चार-पाच मुलं, एक परात, आणि गोष्टी. मोठ्यांचं बोलणं ऐकायची ती उत्तम जागा होती. कोणाच्या घरी लग्न जमलं, कोणाची बदली राउरकेल्याला झाली, हे सगळं आम्हाला कुलकुलं वळताना कळलं.

चोविसाची रात्र. बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद लावून केलेला तारा गच्चीवर पेटलेला. पेटी, ढोलक आणि झांज घेऊन गाणारी मंडळी घरोघर. 'उपासना संगीत'मधली मराठी गाणी आमच्या दारात, हिंदी शेजारच्या दारात, मलयाळी त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारी चहा आणि चिवडा. शेवटच्या घरी पोचेपर्यंत ढोलकवाल्याला चिवडा नको झालेला असे, तरी नाही म्हणणं त्याला जमत नसे.

पण भिलाईच्या नाताळला एक गोष्ट होती, ती दुसरीकडच्या नाताळला नसावी. ब्लास्ट फर्नेस थांबत नाही. दिवाळीला नाही, ईदला नाही, नाताळलाही नाही. चोविसाच्या रात्री कुणाचे तरी बाबा नाइट शिफ्टला असायचेच. त्या घरची आई संध्याकाळी मोठा डबा भरायची, एकट्याला पुरेल त्याच्या कितीतरी पट. करंज्या, चकल्या, केकचे जाड तुकडे, वर्तमानपत्रात बांधलेले. तो डबा फर्नेसच्या सगळ्या सोबत्यांसाठी. दिवाळीच्या रात्री आमच्या बाबांनी दुसऱ्या कुणाची शिफ्ट घेतलेली असे, नाताळला कुणी आमच्या बाबांची घ्यायचं. हिशेब कुणी ठेवत नव्हतं, पण चुकतही नव्हता. शिफ्ट मिळालीच तर बाबा सकाळी डोळे लाल करून घरी येत, आंघोळ करत, ठेवणीतला शर्ट घालून थेट उपासनेला. प्रवचनात डुलकी लागली तर आई कोपर मारत नसे, त्या दिवशी सूट होती.

उपासनेनंतर "सलाम, सलाम" करत निघायला तास जायचा. मग प्रीतिभोजन. आवारात चुली पेटलेल्या, देगचीत मटण, दुसऱ्या देगचीत भात, पळसाच्या पत्रावळी. घरी जेवण झालं तर पुलाव दुबराजचा. दुबराज तांदूळ शिजला की तीन घरं पलीकडे कळायचं. नगरकडून आलेले पाहुणे पहिला घास घेऊन थांबायचे आणि विचारायचे, ह्यात घातलंय काय? काही घातलेलं नसायचं. तो तांदूळच तसा. मटणाचा रस्सा मात्र आजीच्या नगरी मसाल्याचा, आणि त्या बाबतीत छत्तीसगढचा, केरळचा, कुणाचाही सल्ला तिने घेतला नाही. सव्वीसला उरलेला फराळ घेऊन मैत्री बागेत. पांढरा वाघ बघायचा आणि सतरंजीवर बसून चिवडा खायचा.

मग हळूहळू कढया लहान झाल्या. मुलं पुण्याला, बंगळुरूला, पुढे त्याही पलीकडे गेली. १ नोव्हेंबर २००० ला आमचं मध्य प्रदेश छत्तीसगढ झालं, गल्लीतले आंबे मोठे झाले, घरांवर मजले चढले, आणि एकेका घरात दोनच माणसं उरली. करंज्या आता विकत मिळतात, बऱ्या असतात. केक तर कुठल्याही चौकात. अनारसा मात्र विकतचा आम्हाला गिळवत नाही. साखरेचा असतो, टणक असतो, त्याच्या जाळीत जीव नसतो. ह्यात आमचा हट्ट असेल, पण तो आम्ही सोडणार नाही. अजूनही गल्लीतल्या तीन-चार घरांतल्या बायका डिसेंबरात एका दुपारी एकत्र जमतात. लाटणारी एकच असते, बाकीच्यांचे गुडघे दुखतात. पण पोळपाट प्रत्येकीचं आपापलं. चेची आता केरळात मुलाकडे आहे. तिचा फोन येतो आणि ती आधी विचारते, सालं वाळवलीत का?

आजीची वही आमच्याकडे आहे. त्यात प्रत्येक पदार्थ लिहिलेला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी माप एकच: 'एक वाटी', 'दीड वाटी', 'त्याच वाटीने गूळ'. कुठली वाटी ते लिहिलेलं नाही, कारण तिच्या मते घरात वाटी एकच होती. ती जर्मनची, काठाला चेपलेली वाटी आजही आहे म्हणून आमचे अनारसे जमतात. ज्या घरांत ती वाटी भंगारात गेली, त्या घरांतल्या मुली आता फोनवर विचारतात आणि आम्हाला नीट सांगता येत नाही, कारण आम्हालाही ते हातानेच येतं.

म्हणून आमच्यासारख्या घरांतून गेलेल्या सगळ्यांना, नेहरू नगरातल्या, नागपुरातल्या, नगरातल्या आणि दूरच्या, एवढंच सांगणं आहे. आईची, आजीची ती वाटी घरात असेल तर ती तांदळाने शिगोशीग भरा, वजन करा आणि ग्रॅममध्ये वहीत लिहून ठेवा. गुळाचं आणि रव्याचंही तसंच. लिहून झालं की त्याची चिठ्ठी घरातल्या प्रत्येक मुलाला पाठवा, मुलग्यांनाही. आणि अनारशाचे तांदूळ १२ डिसेंबरला भिजत घाला. त्याहून फार उशीर केलात, तर पीठ नाताळपर्यंत मुरणार नाही.